दोन वाजताची नोंद

नर्सेसची कपडे बदलायची खोली गेली ती आनंदापायी.

नांदेडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारी, एक आठ बाय दहाची खोली होती. भिंतीला सात खुंट्या, एक पत्र्याचं कपाट, एक बाकडं. बारा तासांच्या ड्युटीत दहा मिनिटं पाय लांब करून टेकावं अशी दवाखान्यात तेवढीच एक जागा. दिवाळीनंतरच्या सोमवारी राजकन्या कामावर आली तर दाराला नवं कुलूप आणि त्यावर पिवळा कागद: 'आनंद कोपरा. काम चालू आहे.' पंधरा दिवसांनी दार उघडलं. आत भिंतभर प्लास्टिकचं हिरवं गवत चिकटवलेलं होतं, त्यावर गुलाबी दिव्यांनी 'स्माईल' लिहिलेलं, आणि खाली बसलं की उठता येऊ नये अशा दोन फुगीर गाद्या. कर्मचाऱ्यांना ताण आला तर त्यांनी आदल्या दिवशी अर्ज द्यायचा, मग एचआरच्या मॅडम पंधरा मिनिटांसाठी चावी देणार. कपडे बदलायला नर्सेस त्या दिवसापासून धुण्याच्या खोलीत जाऊ लागल्या, रक्ताच्या चादरींच्या बोचक्याआड.

"हसायलाबी अर्ज द्यायचा का आता?" वॉर्डातली आया अमीरबी म्हणाली. "मंग रडायला काय, टेंडर काढायचं?"

सगळ्या हसल्या. राजकन्याला हसू आलं नाही. तिला किळस आली.

ही किळस नवीन होती. बावीस वर्षांपूर्वी लातूरला नर्सिंग शिकत असताना पहिल्यांदा पाठीचा सडलेला व्रण धुताना ती मोरीवर जाऊन ओकली होती. सिनियर नर्स म्हणाली होती, "ओक, ओक. एकदाच ओकायचं असतं." आणि तसंच झालं. नंतर पू, विष्ठा, कुजलेलं बोट, कशाचं म्हणून तिला काही वाटेनासं झालं. जळकोटच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या माणसाची ही लेक. घरात दहावीच्या पुढं गेलेली पहिली. सुरुवातीच्या वर्षांत ती बेवारस म्हातारीच्या डोक्यातल्या उवा काढायची, तिची वेणी घालायची, आणि घरी जाऊन नवऱ्याला, वैजनाथला, ते सांगायची. वैजनाथ म्हणायचा, "माझ्या डोक्याला कधी तेल लावलंस का?"

आता ती घरी काही सांगत नव्हती. बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसायची. अंघोळ करायची नाही, नुसती बसायची. माणसांची नावं सुटली होती, खाटांचे आकडे राहिले होते: सतराचं सलाईन, बावीसचं ड्रेसिंग, नऊ गेला. रविवारी पाहुणे आले तर त्यांच्या हाताच्या शिरा दिसायच्या, सुई कुठं बसेल ते. आणि किळस परत आली होती, पण वेगळ्याच गोष्टींची. लिफ्टमधला तो बाईचा आवाज, 'आपला दिवस आनंदात जावो'. रिसेप्शनवरचा खोट्या फुलांचा गुच्छ. परिचारिका दिनाला मिळालेलं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड: 'तुम्ही पांढऱ्या वेशातल्या देवदूत आहात.' त्या महिन्यात तीन देवदूत नोकरी सोडून गेले होते आणि त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या. एक्केचाळीस खाटांना दिवसा दोन नर्स हव्या होत्या, त्याही कमीच. होती एक.

लेक गीतांजली लातूरला होस्टेलवर, डॉक्टर व्हायच्या परीक्षेच्या तयारीला. रोज दुपारी तिचा फोन यायचा. "आई, जेवलीस का? बरी आहेस ना?"

"नॉर्मल," राजकन्या म्हणायची. मग तिच्या लक्षात यायचं की हाच शब्द ती दिवसातून शंभर वेळा चार्टवर लिहिते.

चार्टाचं सांगायला हवं. कारण पुढं जे झालं ते त्या चार्टापायी.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद अडकवलेला असतो. त्यावर चौकोन असतात: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक चौकोनात त्या माणसाचा ताप, नाडी, श्वास आणि बीपी लिहायचं. एका माणसाला घाईघाईनं केलं तरी चार मिनिटं लागतात. एक्केचाळीस माणसांना पावणेतीन तास. मधे इंजेक्शनं, सलाईन, नातेवाइकांची भांडणं, डॉक्टरांची फेरी. म्हणजे दोनच्या नोंदी पुऱ्या होईस्तोवर सहाची वेळ होते. हे गणित तिसरीतल्या पोराला कळेल. दवाखान्याला कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि चालत होतं. चौकोन मात्र रिकामा दिसता कामा नये.

म्हणून नोंदी आगाऊ भरायच्या. सगळ्याच भरायच्या. राजकन्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे शिकली आणि त्यात तरबेज झाली. शेजारच्या दोन खाटांना सारखा आकडा कधी द्यायचा नाही. ताप एकाला अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, दुसऱ्याला सहा. बीपी नेहमी सम आकड्यात, कारण मशीनवर काटा तसाच वाचतात. तासातासाचं वाटावं म्हणून पेन बदलायचं. तिच्या खिशात तीन पेनं असायची, एक निळं, एक काळं, एक शाई थोडी फिकी झालेलं. खऱ्या नोंदी वाकड्यातिकड्या येतात, खोट्या सुबक. नव्या मुली तिच्याकडून शिकायच्या. मेट्रन मंजुश्री मॅडम म्हणायच्या, "फाइल बघावी तर राजकन्याची." आणि लाज सांगायची तर ही की ते ऐकून तिला बरं वाटायचं.

तिचा एक नियम होता. ज्याचं ऑपरेशन ताजं आहे त्याची नोंद खरी घ्यायची. हा नियम तिनं अठरा वर्षं पाळला. एका गुरुवारी मोडला.

त्या गुरुवारी दवाखान्यात मानांकनाची माणसं येणार होती. दवाखाना चांगला आहे असं प्रमाणपत्र देणारी. त्यांच्या यादीत एक कलम होतं, कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य. म्हणून त्याच दिवशी दुपारी साडेबारा ते अडीच तळमजल्याच्या हॉलमध्ये ताणमुक्ती शिबिर ठेवलं. पुण्याहून एक ट्रेनर बोलावला. हजेरी सक्तीची.

साडेअकराला मंजुश्री मॅडम वॉर्डात आल्या. पन्नाशीच्या, गुडघे गेलेल्या, चालताना भिंतीला हात लावत येणाऱ्या. "राजकन्या, दोनच्या नोंदी आत्ताच करून ठेव. ती माणसं तीनला फायली बघणार."

"मॅडम, वॉर्डात कोण राहणार?"

"अमीरबी आहे की."

"तिला बीपी घेता येत नाही."

"तुला तरी कुठं घ्यायचंय?" मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच बोललेल्याचा वास आल्यासारखं नाक ओढून पुढच्या वॉर्डात गेल्या.

राजकन्या पेन काढून सुटली. एक ते सोळा सरसर भरले. सतरावर सटवाजी होते. अर्धापूरकडचे, जन्मभर केळीचे घड ट्रकात भरलेले. बासष्टीतही दंड लाकडासारखे. परवा त्यांच्या आतड्याचा अडकलेला तुकडा कापून काढला होता. उशाशी त्यांची बायको नागाबाई, हातात ओल्या कापसाचा बोळा.

"सिस्टर, जरा बगता का? ह्यांचं आंग गार लागून राहिलंय. आन् सकाळधरनं पानी पानी करून राहिलेत."

"ऑपरेशन झालेल्या माणसाला तहान लागतेच, मावशी. घाबरू नका. ओठांना ओला कापूस लावा, पाजू मात्र नका."

"कापूस लावून लावून बोटं सुरकुतली माझी."

सटवाजींनी डोळे किलकिले केले. "सिस्टर बाई, एक घोट द्या. कुनालाच सांगत न्हाई."

"दोनला येते मी," राजकन्या म्हणाली. "तेव्हा बघू."

दहाला तिनं त्यांची नोंद खरी घेतली होती: नाडी शहाण्णव. थोडी जास्त होती. नियमाप्रमाणं आताही मनगट धरायला हवं होतं. घड्याळ बाराला दहा कमी दाखवत होतं आणि चोवीस चार्ट बाकी होते. शहाण्णवनंतर काय शोभेल याचा विचार करून तिनं लिहिलं: नाडी चौऱ्याऐंशी, बीपी एकशेवीस-अठ्ठ्याहत्तर. फिकं पेन वापरलं. सुबक आलं.

हॉलच्या दारात एचआरच्या मॅडम वेताची टोपली घेऊन उभ्या होत्या. "मोबाइल यात टाका. आज दोन तास मोबाइलचा उपवास."

"वॉर्डातून फोन आला तर?"

"सिस्टर, तुम्ही दोन तास स्वतःला द्याल की नाही?"

आत शंभरेक माणसं खुर्च्यांवर. रात्रपाळी करून घरी गेलेल्यांनाही परत बोलावलं होतं; त्यांचे डोळे तांबडे. भिंतीवर फलक: 'आनंदी कर्मचारी, आनंदी रुग्ण.' ट्रेनर पांढऱ्या बुटांतला, दात फार. त्यानं सगळ्यांना उभं करून हा हा हा, हो हो हो करायला लावलं. लॅबमधल्या एका बाईला हसता हसता रडू फुटलं. ट्रेनरनं टाळ्या वाजवल्या. "बघा, बघा! हे साचलेलं बाहेर येतंय. शूटिंग घ्या, शूटिंग घ्या." मग त्यानं विचारलं, ताण कुणामुळं येतो? कुणीतरी मागून म्हणालं, माणसं कमी आहेत. ट्रेनर म्हणाला, "चूक. ताण येतो आपल्या विचारांमुळं. माणसं कमी आहेत असं समजू नका. मी एकटी पुरेशी आहे, असं म्हणा. सगळे म्हणा."

सगळे म्हणाले. राजकन्याही म्हणाली. तोंडात चादरीचं टोक कोंबल्यासारखं वाटलं.

दीडच्या पुढं ध्यान सुरू झालं. डोळे मिटायचे. पहिल्या रांगेत ड्युटी डॉक्टर संगमेश्वर बसला होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, परवापासून घरी न गेलेला. तो दोन मिनिटांत घोरायला लागला. "किती खोल गेलेत डॉक्टर!" ट्रेनर कौतुकानं म्हणाला. "आता कल्पना करा, तुम्ही समुद्राच्या काठावर आहात. समोर पाणी. पाणीच पाणी."

राजकन्यानं समुद्र पाहिला नव्हता. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी डोळ्यांपुढं आणायला गेली, तर पाण्याऐवजी सटवाजींचे ओठ आले. कोरडे, पांढरट. पानी पानी करून राहिलेत. अंग गार. दहाला नाडी शहाण्णव.

तिचे डोळे उघडले.

तहान, गार अंग, वाढलेली नाडी. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं पान तिच्यापुढं उभं राहिलं, कुठल्या कोपऱ्यात चहाचा डाग होता त्याच्यासकट. पोटात रक्त वाहत असलं की माणूस असाच पाणी मागतो.

ती उठली. एचआरच्या मॅडमनी लगेच हाताची खूण केली आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बसा! कॅमेरा चालू आहे. पाच मिनिटं राहिलीत."

"मॅडम, एक पेशंट..."

"पाच मिनिटं, सिस्टर."

आणि ती बसली. हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही. पाचाची बारा झाली. ती बसून राहिली, मांडीवर हात उताणे ठेवून, ट्रेनरनं सांगितले होते तसे. तिला उठवायला सटवाजींची तहान पुरली नाही, आणि बसवायला कॅमेऱ्यामागची एक बाई पुरली? बारा मिनिटं तिनं स्वतःचे तळहात पाहिले आणि तिला त्यांची शिसारी आली.

दाराबाहेर गलका झाला. वॉचमन म्हणत होता, आत जाता येत नाही. त्याच्यावर अमीरबीचा आवाज: "अरे हट की! ध्यान गेलं खड्ड्यात, मानूस चाललाय तिकडं! बाई! राजकन्याबाई! फोन करून करून बोटं तुटली माझी! सतरावाला!"

टोपलीत एक फोन घणघणत होता; अमीरबीनं हातातला फोन अजून बंद केला नव्हता.

दोघी वॉर्डात पोचल्या तेव्हा अडीच वाजत आले होते. सटवाजी पांढरे पडले होते, धापा टाकत होते. कपाळावर घाम, पाय बर्फ. नागाबाई त्यांचे तळवे चोळत होती. राजकन्यानं मनगट धरलं: नाडी एकशे चाळीसच्या वर, दोरा तुटत आल्यासारखी. बीपी सत्तर. डॉक्टर संगमेश्वर तोंडावर पाणी मारून मागोमाग आला. त्यानं ऑक्सिजन लावायला सांगितला, छातीला स्टेथोस्कोप लावला, पोटातलं रक्त-पाणी बाहेर यायला बसवलेली नळी पाहिली. बाटलीत फारसं रक्त नव्हतं. मग त्यानं तेच केलं जे कुठलाही शहाणा डॉक्टर करेल. त्यानं चार्ट उचलला.

"दोनला चौऱ्याऐंशी. बीपी एकशेवीस." त्यानं बोट फिरवलं. "म्हणजे अर्ध्या तासापूर्वी पेशंट एकदम ठीक होता. अचानक झालंय. दोन दिवस पडून, पायातली रक्ताची गाठ छातीत गेली असणार." विचार सरळ होता. "सिस्टर, रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरा. लवकर."

राजकन्याच्या हातात सिरिंज होती. खाटेशी अमीरबी, नागाबाई, दारात मंजुश्री मॅडम, भिंतीला हात लावून. वेळ फार नव्हता, पण तिला सगळं स्पष्ट दिसलं. गाठ असेल तर हे इंजेक्शन माणूस वाचवेल. पोटात रक्त वाहत असेल तर मारेल. आणि अचानक झालंय असं सांगणारी जगात एकच गोष्ट होती, तिचा तो सुबक आकडा.

"सर, ती नोंद खोटी आहे."

"काय?"

"दोनची नोंद. दोनला घेतलेलीच नाही. मी साडेअकरा-बाराला न बघता लिहिली. दहाला नाडी शहाण्णव होती, ती खरी. सकाळपासून पाणी मागतायत. अंग बाराच्या आधीच गार होतं." ती थांबली नाही, थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं. "अचानक नाही झालेलं, सर. हळूहळू झालंय. पोट बघा."

मंजुश्री मॅडम म्हणाल्या, "राजकन्या, काय बोलतेस तू? घाबरलीय ती, डॉक्टर."

संगमेश्वरनं तिच्याकडं पाहिलं. मग चादर फेकून सटवाजींच्या पोटावर हात ठेवला. पोट फुगून पाटासारखं झालं होतं. नळी मधेच गोठलेल्या रक्तानं तुंबली होती, म्हणून बाटलीत काही दिसत नव्हतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई गं." आणि मग मोठ्यानं, "ऑपरेशन थिएटर! सर्जनना फोन लावा! फोन कुठायत सगळ्यांचे?"

फोन टोपलीत होते.

अमीरबी अनवाणी पळाली.

पोटातून दोन लिटरच्या आसपास रक्त निघालं. ऑपरेशनात एका शिरेला मारलेली दोऱ्याची गाठ सुटली होती. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, अजून वीस मिनिटं गेली असती तर माझ्या हातात काही उरलं नसतं. त्या इंजेक्शनाबद्दल त्यांना कुणी बोललं नाही. सटवाजी दोन दिवस कृत्रिम श्वासावर राहिले आणि तिसऱ्या दिवशी डोळे उघडून त्यांनी पाणीच मागितलं.

मानांकनाची माणसं त्या गुरुवारी तीनला आलीच नाहीत. त्यांची गाडी उशिरा निघाली, भेट सोमवारवर गेली.

शनिवारी मंजुश्री मॅडमनी राजकन्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर सोमवारच्या फायलींची चळत होती. मॅडमनी दार लावलं, खुर्चीत बसून आधी गुडघे चोळले, मग ड्रॉवरमधून एक कोरा चार्ट काढला.

"हे बघ, माझ्या नोकरीची तीन वर्षं राहिलीत आणि तुझ्या पोरीचं शिक्षण. सतराचा चार्ट नवा लिहून काढ. दोनला नाडी एकशे दहा लिही, बीपी शंभर. म्हणजे बिघडत चाललं होतं आणि आपण टिपलं होतं, असं दिसेल. तुझंच अक्षर पाहिजे, म्हणून तुला बोलावलं."

"डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर लिहिलंय, नोंद घेतली नव्हती म्हणून."

"लिहिलं होतं. ते पान त्यांनी काल बदललं."

राजकन्याला ते सकाळी जिन्यात भेटलेल्या संगमेश्वरच्या बोलण्यावरून कळायला हवं होतं. तो खाली बघून म्हणाला होता, "सिस्टर, मला पुढं शिकायचंय हो. सर्टिफिकेट यांच्याच हातात आहे." तेव्हा ती समजली नव्हती. पोरगा चांगला होता. त्या क्षणी तिला त्याचा राग आला नाही, ओला फडका दोन दिवस बादलीत राहिला की येतो तसला वास आल्यासारखं झालं.

पेन तिच्या हातात होतं. फिकं. कोरा चार्ट पुढं ओढायला म्हणून तिनं फायलींची चळत बाजूला सरकवली, तशी वरची फाइल उघडली. 'कर्मचारी मानसिक आरोग्य.' शिबिराचे फोटो, आणि त्याखाली शिबिरानंतर भरून घेतलेले फॉर्म. 'आज मला कसं वाटतंय?' खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडं, एकावर खूण करायची. तिनं पान उलटलं. लॅबची ती रडलेली बाई: पाचवं तोंड. संगमेश्वर: पाचवं. आणि मग तिचं स्वतःचं नाव. राजकन्या वैजनाथ. वॉर्ड दोन. पाचवं तोंड, सगळ्यात हसरं. 'शिबिरामुळे मी ताणमुक्त झाले.' वेळ: दोन वाजून तीस मिनिटं.

अडीच वाजता ती सटवाजींचं मनगट धरून उभी होती. तिनं हा फॉर्म पाहिलाही नव्हता.

"हा कुणी भरला?"

मॅडमनी चष्म्यातून पाहिलं. "भरला असेल एचआरनं. तू मधेच उठून गेलीस ना. रिकामा ठेवून चालत नाही."

खूण मोठी सुबक होती. फॉर्माफॉर्मावर वेगळ्या पेनानं केलेली.

राजकन्या मॅडमच्या बेसिनशी गेली, नळ सोडला, ओकारी आली नाही, नुसतं पाणी सुटलं तोंडाला. मागून मॅडम म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?" आणि त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, हे सगळ्यात वाईट.

ती परत आली. कोरा चार्ट तिनं मॅडमकडं सरकवला. "मी नाही लिहिणार. जुना आहे तो राहू द्या. त्याच्यावर मी खाली लिहून सही करते, की ही नोंद न घेता लिहिली."

"सगळ्याच करतात गं. तुझ्या एकटीच्याच गळ्यात पडेल."

"पडू द्या."

"आणि मी सांगितलं होतं, तेही लिहिणार का?"

राजकन्यानं थोडा विचार केला. "हो. ते खरं आहे."

मंजुश्री मॅडमनी फायलींची चळत सरळ केली. मग म्हणाल्या, "जा मग," आणि कोरा चार्ट परत ड्रॉवरमध्ये ठेवला, घडी न पडू देता.

त्या दुपारी जुन्या चार्टाखाली ते सगळं लिहून, सही करून ती अतिदक्षता विभागात गेली. नागाबाईला कुणीतरी सांगितलं होतं, अमीरबीच असणार. म्हातारी उठून उभी राहिली.

"तुमीच म्हनला होतात ना, तहान लागतेच, घाबरू नका म्हनून?"

"हो."

"आन् न बघताच लिव्हलं?"

"हो, मावशी."

नागाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्या मानसानं जल्मभर घड मोजले. येक घड कधी जास्तीचा सांगितला न्हाई." मग खाली बसून पुन्हा नवऱ्याचे पाय चेपायला लागली. थोड्या वेळानं, वर न बघता, म्हणाली, "आता तरी बगा त्यांची नाडी. उभ्या कामून राहिलात?"

राजकन्यानं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजली. अठ्ठ्याऐंशी.

सोमवारी मेमो आला. कर्तव्यात कसूर, खोटी नोंद, दवाखान्याच्या प्रतिमेला धक्का. कामावरून का काढू नये याचा सात दिवसांत खुलासा द्या. शेवटी एक ओळ: पर्यायी व्यवस्था होईपर्यंत नियमित ड्युटी करावी. म्हणजे तिला काढून टाकायलाही माणूस कमी पडत होता.

"येडे हायेत का हे?" अमीरबीनं मेमो उलटा धरून पाहिला. "चोर म्हनायचं आन् किल्ली बी त्याच्याच हातात द्यायची?"

दुपारी गीतांजलीचा फोन आला. "आई, जेवलीस का? बरी आहेस ना?"

"नाही," राजकन्या म्हणाली. "बरी नाहीये. संध्याकाळी सांगते सगळं. आता दोन वाजतायत."

तिनं खिशातली दोन पेनं काढून टेबलावर ठेवली, एक ठेवून घेतलं. बीपीचं मशीन घेऊन एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात केली. पट्टा गुंडाळायचा, हवा भरायची, काटा खाली येताना ऐकायचं, नाडी मोजायची, मग लिहायचं. मधे दोन सलाईनं संपली, एक जण ओकला, तेरा नंबरच्या पुतण्यानं आवाज चढवला. चार वाजले तेव्हा ती एकविसावर होती. पुढचे वीस चौकोन रिकामे होते आणि ते तिनं तसेच ठेवले.

मंजुश्री मॅडम भिंतीला हात लावत आल्या. मागं मानांकनाचे दोघं, गळ्यात ओळखपत्रं. त्यातल्या एकानं तेविसावा चार्ट उचलला. "दोनची नोंद?"

"घेता आली नाही," राजकन्या म्हणाली.

"का?"

"एक्केचाळीस खाटा. मी एक. दोनच्या जेवढ्या झाल्या तेवढ्या खऱ्या आहेत."

त्या माणसानं मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी खिडकीकडं. त्याच्या हातातल्या यादीत असल्या उत्तरासाठी चौकोन नव्हता. तो तिथंच पेन हातात घेऊन उभा राहिला.

अमीरबीनं मशीनची ट्रॉली पुढं ढकलली. "चला बाई, बावीसवाला कवाचा हात वर करून बसलाय. शाळेत हजेरी द्यावी तसा."

राजकन्या गेली आणि त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळू लागली.